प्रस्थान, चौथा मजला

विमान पहाटे 4 चं. जीप दौंड तालुक्यातल्या वरवंडहून निघाली दुपारी 12 ला.

मुंबईचं अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढं. हातात सोळा तास. तरी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: उशीर तर नाही ना होणार?

विमान कंपनी म्हणते, तीन तास आधी या. जावई फोनवरून म्हणतो, चार तास. ड्रायव्हर म्हणतो, घाटाचं काही सांगता येत नाही. शेजारचे आबा म्हणतात, खरं तर सकाळीच निघायला हवं होतं. आबा आयुष्यात कधी विमानात बसलेले नाहीत.

सल्ला द्यायला बोर्डिंग पास लागत नाही.

जाणार होत्या एकट्या आक्का. जीपमध्ये माणसं नऊ. आपल्याकडं परदेशी एक जण जातो, प्रवास सगळ्यांना घडतो.

आक्का आमच्या आळीतल्या. वय 68. लेक न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण, मध्ये दुबईला विमान बदलायचं. इंग्रजीशी त्यांची ओळख नाही, पण वाटेशी जुनी आहे. देहू ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वारी त्यांनी चौदा वेळा केलीय. पायी. कुणाला नकाशा न विचारता.

आणि तिकिटावर त्यांच्या नावापुढं काय लिहिलं होतं? व्हीलचेअर.

हसू नका. तुमच्या आईच्या तिकिटावरही तेच होतं.

त्या खुर्चीकडं येऊच. आधी सामान.

23 किलोच्या दोन बॅगा. वजन कुठं करणार? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, साखरेच्या पोत्यांच्या काट्यावर. एक बॅग भरली 24 किलो 300 ग्रॅम. मग चटणी काढायची की लोणचं, यावर अर्धा तास खल झाला. संयुक्त राष्ट्रांत इतका नकाराधिकार कुणी वापरला नसेल. शेवटी काय निघालं? स्वेटर.

जानेवारीत न्यू जर्सीला निघालेल्या बाईचं.

खरं घोडं अडलं ते खोबऱ्यावर. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत, लाडवाला सुकं खोबरं हवं. आणि सुकं खोबरं विमानवाहतुकीच्या जगात धोकादायक माल आहे. त्याला रीतसर क्रमांक आहे, यूएन 1363. वर्ग: आपोआप पेट घेणारे पदार्थ. तेल भरपूर, ढिगानं कोंडून ठेवलं की आतल्या आत तापत जातं. खोबरं वाहणाऱ्या जहाजांनी याचे चटके सोसलेत. 2022 मध्ये आपल्याकडंही चेक-इनच्या सामानात ते बंद झालं.

निवडणुकीत गाव पेटलेलं पाहिलं, बांधावरून भावकी पेटलेली पाहिली. डब्यातलं खोबरं पेटलेलं वरवंडात कुणी पाहिलेलं नाही. पण नियम तो नियम. वाट्या निघाल्या. किसून, भाजून लाडवात बसलेलं खोबरं तेवढं निमूटपणे अमेरिकेला गेलं.

खोबरं तिकडं चांगभलं, ही म्हण विमानाला चालत नाही.

गुळाची गोष्ट वेगळी. दौंड तालुका गुऱ्हाळांचा, त्यामुळं ढेप न नेणं म्हणजे माहेरचं नाव बुडवणं. आता सामान तपासणाऱ्या एक्स-रे यंत्रात धातू निळसर दिसतो आणि सेंद्रिय वस्तू केशरी. ढेप अख्खी नेली तर पडद्यावर काय दिसतं? कपड्यांत गुंडाळलेला, केशरी, गच्च, जडशीळ ठोकळा. समोरच्या माणसानं काय समजायचं? म्हणून जाणते सांगतात, गूळ फोडून न्या.

अनारशांवर खसखस घालू नका, हाही निरोप आला. खसखस यूएईत चालत नाही, तिथं ती अमली पदार्थांच्या पंगतीत बसते. बिनखसखशीचा अनारसा म्हणजे बुक्का न लावलेला वारकरी. पण अटकेपार झेंडे लावण्याचा आपला इतिहास वेगळ्या अर्थाचा आहे, तो तसाच राहू द्यावा.

हातातल्या पिशवीत 100 मिलीच्या वर पातळ काही नको. 2006 मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रवस्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून जगाच्या पाठीवर प्रत्येक आजीची पाण्याची बाटली संशयित आहे. आक्कांच्या बाटलीत तळाला घोटभर पाणी. बाटली अर्ध्या लिटरची. काढून ठेवा! नियम बाटलीला आहे, पाण्याला नाही.

तर जीप मुंबईला पोचली. सहारचा उन्नत रस्ता चढली आणि टर्मिनल 2 समोर उभी राहिली. नऊ माणसं उतरली. तबक निघालं. निरांजन लावायच्या आत वाऱ्यानं विझलं आणि मागून शिट्टी वाजली. गाडी पुढं घ्या! औक्षण अर्धवट, कुंकू नाकावर, दह्याची कवडी तळहातावर.

दही 100 मिलीच्या आत होतं.

दारावर मोठ्ठी पाटी. इंग्रजीत काहीतरी, आणि खाली देवनागरीत 'प्रस्थान'. आक्कांनी वाचलं आणि हात जोडले. त्यांच्या लेखी प्रस्थान एकच असतं, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत, पालखीचं. अख्ख्या विमानतळावर त्यांना कळलेला हा एकमेव शब्द. तो निवडणाऱ्याला कळला असेल का?

हे प्रस्थान चौथ्या मजल्यावर आहे. विमान नंतर, आधी इमारतच तुम्हाला चार मजले उडवते.

दारात जवान. पासपोर्ट, तिकीट, चेहरा. इथून पुढं नऊपैकी आठ जणांचा प्रवास संपला. त्यांनी काचेला नाक लावलं. आत आक्का कुठं आहेत ते दिसत नाही, पण हात हलवत राहायचं. कुणीतरी हलवतंय, हे आतून दिसत असावं, अशी श्रद्धा.

एक भानगड नावाची. मराठी माणसाचं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर रकाने दोन: 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम'. गिव्हन म्हणजे दिलेलं. आक्कांना नवऱ्याचं नाव दिलेलं, सासरचं आडनाव दिलेलं, आणि लग्नात पहिलं नावसुद्धा बदलून दिलेलं. त्यांचं स्वतःचं काय होतं ते माहेरी विचारावं लागेल.

आणि ज्याचं नाव एकच शब्दाचं आहे त्याचं काय? आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या पासपोर्टवर यूएई नोव्हेंबर 2022 पासून पर्यटक म्हणून आत घेत नाही. संत जनाबाईंचा अर्ज बाद झाला असता.

आत शांतता. आक्कांना सगळ्यात भीती वाटली ती याची.

स्वारगेटला कसं असतं? ध्वनिक्षेपक घसा फोडून सांगतो, सोलापूरकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे. त्यातलं निम्मं कळत नाही, पण धीर येतो. गाडी आहे, आपल्यासाठी कुणीतरी ओरडतंय. वर कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं घेतो ती वेगळीच.

मुंबईचा विमानतळ 'सायलेंट' आहे. विमान लागलं तरी एरवी कुणी पुकारत नाही. फळ्यावर बघा म्हणतात. फळ्यावर आकडे. गेट बदललं तर आकडा बदलतो, मुकाट. तुम्ही चुकीच्या गेटवर बसून जगाशी जुळवून घ्या. शांततेची ही कल्पना ज्यानं काढली त्याला आयुष्यात कधी वाचून दाखवायला कुणाची गरज पडली नसणार.

सौंदर्याला मात्र तोटा नाही. 2014 च्या जानेवारीत उद्घाटन झालं तेव्हापासून टर्मिनल 2 चं कौतुक चाललंय, आणि ते खोटं नाही. खांब मोरपिसाऱ्यासारखे फुललेले. 'जय हे' नावाची कलाभिंत, लांबी तीन किलोमीटरच्या घरात, देशभरातून आणलेल्या हजारो वस्तू. जुने दरवाजे, मूर्ती, झरोके. बघणारे किती? मी पाहिलं तेव्हा भिंतीसमोर गर्दी होती.

सगळे स्वच्छतागृह शोधत होते.

आता ती खुर्ची.

आक्कांचे गुडघे शाबूत आहेत. पाटसच्या पुढं रोटी घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. आक्कांना लागत नाहीत. मग व्हीलचेअर कशाला?

खुर्ची पायांसाठी नसतेच. ती ढकलणाऱ्या माणसासाठी असते.

त्या माणसाला काउंटर ठाऊक असतं. कुठल्या रांगेत शिरायचं, पट्टा कुठं काढायचा, इमिग्रेशनच्या साहेबापुढं कुठलं पान उघडायचं, गेट कुठं, सगळं ठाऊक. आपल्याला हवा असतो तो. नुसता माणूस हवा असेल तर 'मीट अँड असिस्ट' नावाची सोय असते म्हणे, पण बहुतेक ठिकाणी तिचे वेगळे पैसे. खुर्ची फुकट, आणि खुर्चीबरोबर माणूस फुकट. सांगा, तुमचा जावई काय निवडेल?

म्हणून अमेरिकेच्या विमानापुढं खुर्च्यांची रांग लागते. त्यात बसलेल्या किती जणी पहाटे उठून शेताला चक्कर मारून आलेल्या असतात, याची मोजदाद कुणी करत नाही. आणि चमत्कार बघा. तिकडं उतरलं, बाहेर नातू दिसला, की खुर्चीतली आजी उठून पळत सुटते.

खुर्ची मिळाली की रांग मोडून पुढं जाता येतं, हे आपल्याला कुणी विमानतळावर शिकवलेलं नाही. ग्रामपंचायतीपासून बघतोय.

पण थट्टा इथं जरा आवरू.

फेब्रुवारी 2024. न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेलं वृद्ध जोडपं. दोघांनी खुर्च्या मागितलेल्या, आली एकच. दुसरी येईपर्यंत थांबा, असं सांगितलं गेलं. 80 वर्षांच्या त्या गृहस्थांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि स्वतः चालत निघाले. लांबच लांब वाट. इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला.

विमान कंपनी चुकलीच. पण जगभरातल्या उरलेल्या खुर्च्यांवर ठणठणीत आक्का किती बसलेल्या असतात, हा प्रश्न आपण विचारत नाही. उत्तर आपल्या घरात असतं.

पुढं चला. इमिग्रेशनची रांग.

दोऱ्या लावलेल्या, नागमोडी, एक पाऊल पुढं की थांबा. आक्का म्हणाल्या, ही तर दर्शनबारी. बरोबर ओळखलं. फरक एवढाच की पंढरपुरात बारीच्या टोकाला विठ्ठल असतो आणि तो कुठं चाललाय, परत कधी येणार, असं विचारत नाही.

देशाबाहेर जाताना भारतीयाला पूर्वी एक फॉर्म भरावा लागायचा. 1 जुलै 2017 पासून तो बंद आहे. पण खिशाला पेन लावून येणारे काका बंद झालेले नाहीत. आणि त्यांचं पेन मागून नेऊन परत न देणारेही.

बारी संपली की देऊळ नाही, बाजार. सुरक्षा तपासणीच्या पुढं गेटकडं सरळ जाणारा रस्ता शोधून दाखवा! तो अत्तराच्या, दारूच्या आणि चॉकलेटच्या दुकानातून वळसे घेत जातो. चुकून नाही, ठरवून. जगातल्या मोठ्या विमानतळांनी हे गणित कधीच सोडवलंय: हरवलेला माणूस जास्त खरेदी करतो. नेमका रस्ता दाखवण्यात फायदा कुणाचा?

आपल्याकडं निदान देवळाबाहेरचा पेढेवाला 'इकडून या' तरी म्हणतो.

चहाचं बोलायलाच नको. डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर 10 रुपयांत चहा देणारं 'उडान यात्री कॅफे' उघडलं. मंत्री आले, देशभर बातम्या झाल्या. आमच्या सोलापूर हायवेवर टपरीवर 10 रुपयांचा चहा रोज मिळतो. फीत कापायला अजून कुणी आलेलं नाही. आणि वारीत यवतला हजारो माणसांना पिठलं-भाकरी जेवायला घालतात. बिल काय येतं? पाठीवर हात आणि 'माउली, अजून घ्या'.

मग दुबई. टर्मिनल 3. गेटं ए, बी आणि सी. तुमचं गेट कुठल्या अक्षरात आहे त्यावर तुम्ही चालणार की आगगाडीत बसणार हे ठरतं. होय, इमारतीतल्या इमारतीत आगगाडी. ढकलणाऱ्या पोरानं आक्कांना आगगाडीत नेलं. दौंड जंक्शनजवळ जन्म गेलेल्या बाईला आगगाडीचं काय अप्रूप? त्या एवढंच म्हणाल्या, टीसी आला नाही.

सगळे मोठे विमानतळ असेच असतात. लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल 2, 3, 4 आणि 5 आहे. 1 नाही. ते 2015 मध्ये बंद केलं, पण बाकीच्यांचे आकडे तसेच ठेवले. पहिलाच नसलेल्या ठिकाणी नवखा माणूस काय मोजणार? मुंबईतही टर्मिनल 1 आणि 2 ही एका आवारातली दोन दारं आहेत असं समजून येणारे रोज असतात. मध्ये रिक्षा-टॅक्सी करावी लागते, हे चुकीच्या दारात कळतं.

आता मला सांगा, वारीत हे का होत नाही?

देहूची पालखी यवतहून निघते आणि संध्याकाळी वरवंडला मुक्कामाला येते. त्या एका रात्रीत गावाच्या कैक पटींनी माणूस गावात झोपतो. ना फळा, ना ॲप, ना बाण. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढं इतकी, रथामागं इतकी. तो क्रमांक पिढ्यान् पिढ्या तोच. माणूस आपलं नाव विसरेल, दिंडीचा नंबर विसरणार नाही. चुकलाच तर? कुणालाही विचारतो. आणि रात्रभर गावात ध्वनिक्षेपक चालू असतो: रथामागं अमुक नंबरच्या दिंडीतल्या, नांदेड जिल्ह्यातून आलेल्या मावशी इथं थांबल्यात, त्यांच्या माणसांनी घेऊन जावं.

सकाळी पालखी उंडवडीकडं निघते तेव्हा मावशी दिंडीत असतात. गेट बदललेलं नसतं.

गंमत पुढंच आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये केला. लोहगाव हे महाराजांचं आजोळ. नाव शोभतं, प्रश्नच नाही. या मुलखातून विमानानं गेलेला पहिला माणूस म्हणून जनमानसात दुसरं आहे कोण? आणि त्यांचं विमान न्यायला दारात आलं होतं. आपल्याला मुंबई गाठावी लागते.

कारण लोहगावहून परदेशी जाणारी विमानं बोटावर मोजावी एवढी. धावपट्टी हवाई दलाची, ती सोयीनं वापरायची. 2024 मध्ये नवं टर्मिनल झालं, छान झालं, पण आक्कांसारख्यांची जीप अजून घाटातच.

मग पुण्याचा नवा विमानतळ? तो आधी चाकणला होणार होता, मग खेडला, मग 2016 पासून पुरंदरला, म्हणजे आमच्या भुलेश्वरच्या डोंगरापलीकडं. तिथल्या सात गावांनी 'जमीन देणार नाही' म्हणून सांगितलं. 2025 च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी करायला गेले तर लोक रस्त्यावर आले, लाठ्या चालल्या. अंजीर आणि सीताफळाच्या बागांतून परदेशी कसं जायचं, हे बागवाल्याला कुणी नीट विचारलेलं नाही.

टर्मिनलमध्ये प्रवासी हरवतात. आपल्याकडं टर्मिनलच हरवलंय.

नवी मुंबईचा मात्र झाला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन, 25 डिसेंबरपासून उड्डाणं. वरवंडकरांना तो मुंबईपेक्षा जवळ. नाव लोकनेते दि. बा. पाटलांचं द्यावं म्हणून आंदोलनं आधीच झाली. आता शहरात दोन विमानतळ आणि त्यांतल्या एकात दोन टर्मिनल. म्हणजे चुकायला पूर्वी दोन जागा होत्या, आता तीन.

आबा म्हणतात, आमच्या वेळी हे काही नव्हतं. खरंय. शेजारच्या केडगावच्या मुक्ती मिशनवाल्या पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या, आणि येताना जपानमार्गे आल्या. भारतात पासपोर्टचा कायदाच मुळी 1920 चा. विधवा बाई, सोबत लहान लेक, बोटीचा प्रवास, तोही एकोणिसाव्या शतकात. त्यांना कुणी खुर्ची देऊ केल्याची नोंद नाही. जाऊ नका, असं सांगणारे मात्र भरपूर होते.

तो काउंटर आजही सगळ्यात आधी उघडतो.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. आक्कांचं विमान पहाटे 4 चं होतं म्हणून आम्ही वाचलो.

ही विमानं रात्रीच का असतात? फ्रँकफर्टला रात्री 11 ते पहाटे 5 विमानांना बंदी आहे, आसपासच्यांना झोपायचं असतं. सकाळी त्यांच्या दारात उतरायचं तर इथून मध्यरात्री निघायला हवं. म्हणजे जर्मन माणसानं झोपायचं म्हणून वरवंडच्या माणसानं जागायचं. जागतिकीकरण यालाच म्हणत असावेत.

अडचण जागण्याची नाही, जागर आपल्याला नवा नाही. अडचण तारखेची. तिकिटावर लिहिलेलं असतं, 15 तारीख, 00:40. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब 15 तारखेला दुपारी जेवून, देवाला नारळ फोडून, गुलाल-बिलाल लावून निघालं. रात्री दहाला विमानतळावर. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, मग माणसं पाहिली, मग परत तिकीट.

विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. त्यांनी गावात झोपायच्या आधी टीव्ही बंद केला, साधारण तेव्हाच.

चूक त्यांची? आपल्याकडं दिवस उजाडतो. पंचांगात तिथी सूर्योदयाला बघायची, आणि रात्री पावणेएकची वेळ कुणाही शहाण्या माणसाच्या लेखी आजच्याच रात्रीची. विमानतळावर मात्र दिवस उजाडत नाही, मध्यरात्री आकडा पडतो. हे तिकीट काढून देणाऱ्या पोरानं सांगायला हवं होतं. त्यानं 'हॅप्पी जर्नी' सांगितलं.

तेव्हा घरात कुणाचं तिकीट असेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ते बघा. वेळ 00 नं सुरू होत असेल तर वर लिहिलेली तारीख विसरा. जीप आदल्या दिवशी सांगा.

आणि आबांना विचारू नका.